दाणे नाहीत, कूट आहे

(मंडळाच्या श्रावणातल्या मासिक सभेत आम्ही उभयतांनी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)



आरोग्यावर काहीतरी बोला, असं सचिवांनी सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात मधुमेह किंवा गुडघेदुखी असावी. मधुमेहावर याच व्यासपीठावरून आम्ही पूर्वी बोललो आहोत, आणि भाषणानंतरच्या अल्पोपाहारात जिलबी किती खपली तेही पाहिलं आहे. यंदाचा विषय मात्र आम्ही मागून घेतला. त्याला कारण आहे गेल्या वर्षीचा आपला महाप्रसाद.

त्या दिवशी काय झालं ते आपल्यापैकी पुष्कळांना अर्धवट माहीत आहे. "एका मुलाला पित्ताचा त्रास झाला, दवाखान्यात नेलं, आता बरा आहे," एवढंच बहुतेकांच्या कानावर आलं. खरं काय घडलं ते त्या मुलाच्या आई-वडिलांच्या आणि आजींच्या परवानगीने सांगतो. ते तिघंही आज समोर बसले आहेत. मुलाचं नाव घेणार नाही. त्यात चुका कोणाकोणाच्या झाल्या तेही सांगू, आणि त्या यादीत आम्ही दोघं आहोत.

मुलगा आठ वर्षांचा. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे घरात ठाऊक होतं. दोन वर्षांचा असताना चिक्कीचा तुकडा खाऊन ओठ सुजले होते. दुसऱ्या पंगतीत तो आईशेजारी बसला. आईने वाढप्याला विचारलं, "यात दाणे आहेत का?" वाढपी म्हणाला, "नाही काकू, दाणे नाहीत." तो खोटं बोलला नाही. काकडीच्या कोशिंबिरीत दाणे नव्हतेच. दाण्याचं कूट होतं.

मंडळी, या एका शब्दात आपलं सगळं स्वयंपाकघर आलं. आपल्या घरांत 'दाणे' म्हणजे अख्खे, डोळ्यांना दिसणारे. कूट ही आपल्या लेखी वेगळी वस्तू. ते मिठासारखं, डब्यातून चमच्याने घातलं जातं आणि घातलं हे लक्षातही राहत नाही. खमंग काकडी, भरली वांगी, साबुदाण्याची खिचडी, उपासाची बटाट्याची भाजी, चटण्या, किती नावं घ्यावीत! अळूच्या भाजीत तर दाणे असतातच, शिवाय काजूही. पंचामृताचं तर आणखी विशेष. तीर्थ म्हणून हातावर घेतो त्या पंचामृतात दूध, दही, तूप, मध, साखर. आणि पानात डाव्या बाजूला वाढतो त्या पंचामृतात तीळ, दाण्याचं कूट, खोबरं, चिंच, गूळ. नाव एकच. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला पहिलं बाधेल, दाण्याची असलेल्याला दुसरं. विचारणाऱ्याने काय विचारावं आणि सांगणाऱ्याने काय सांगावं?

आता पुढचं. तीन-चार घासांनंतर मुलगा म्हणाला, "मम्मी, गले में कुछ चुभ रहा है।" आपली मुलं इंदुरात वाढतात, दुखलं-खुपलं की हिंदीतच सांगतात. आईला वाटलं मिरची लागली. त्याला पाणी दिलं. दोन मिनिटांत त्याला उलटी झाली. मग मानेवर, पोटावर लाल गांधी उठल्या. कोणीतरी म्हणालं, "पित्त उठलंय, आमसुलाचं पाणी लावा." आजी आमसुलं शोधायला स्वयंपाकघरात गेल्या. आपल्या भाषेने इथे घात केला. अंगावर गांधी उठल्या की आपण त्याला पित्त म्हणतो, आणि पित्त म्हटलं की घाई कोणी करत नाही.

आम्ही त्याच पंगतीत पलीकडच्या ओळीत होतो. निरोप येईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली असतील. पोचलो तेव्हा त्याचा आवाज घोगरा झाला होता, कोरडा खोकला येत होता. कोणीतरी आपल्या पाकिटातली सेट्रिझिनची गोळी त्याला दिली होती आणि "आता बरं वाटेल" म्हणून सगळे वाट पाहत होते. आम्ही एका नजरेत ओळखलं की हे पित्त नाही, ही जिवावरची अ‍ॅलर्जी आहे. औषध कोणतं हेही आम्हाला माहीत होतं. आमच्यातली एकजण भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये अ‍ॅड्रेनालिनची कुपी रोज तिच्या हाताच्या अंतरावर असते. दुसरा तीस वर्षं मोहल्ल्यात दवाखाना चालवतो. त्या दिवशी आमच्या पिशवीत एक उपरणं आणि आरतीचं पुस्तक होतं.

मुलाला एका सभासदाच्या गाडीत मागच्या सीटवर आडवं घेतलं आणि जवळच्या रुग्णालयात निघालो. गणपतीचे दिवस, रस्त्यात दोन मंडप. पोचायला अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं आम्ही कधी विसरणार नाही. शेवटी शेवटी तो खोकायचाही थांबला होता. आईला वाटलं, आराम पडला. आम्ही तिच्याकडे पाहू शकलो नाही. खोकला थांबला होता तो शक्ती संपली म्हणून. रुग्णालयात मांडीत इंजेक्शन दिलं, पाच मिनिटांनी दुसरं दिलं, ऑक्सिजन, सलाईन सुरू केलं. पंधरा मिनिटांत तो आईला हाक मारू लागला. रात्री दोनच्या सुमाराला पुन्हा अंगावर गांधी आणि धाप, पुन्हा इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला, आणि पहिला प्रश्न विचारला की विसर्जनाला जायला मिळेल का.

हे असं का होतं, ते थोडक्यात सांगतो. 1902 साली फ्रान्समध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन शास्त्रज्ञ समुद्रफुलाच्या विषाचे प्रयोग करत होते. कुत्र्याला थोडं थोडं विष टोचलं तर त्याची सवय होऊन संरक्षण मिळेल, अशी त्यांची कल्पना. पहिल्या वेळी काही न झालेला एक कुत्रा काही आठवड्यांनी अगदी किरकोळ मात्रेने अर्ध्या तासाच्या आत मेला. संरक्षणाच्या उलट घडलं, म्हणून त्यांनी या प्रकाराला नाव दिलं अ‍ॅनाफायलॅक्सिस. रिशेंना 1913 चं नोबेल मिळालं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की मात्रा किरकोळ होती. "एवढंसं खाल्लं तर काय होतंय" या आपल्या रोजच्या वाक्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

पुढे 1966 मध्ये इशिझाका या जपानी पती-पत्नींनी यामागचा रक्तातला घटक शोधला. त्याला आयजीई म्हणतात. अ‍ॅलर्जीच्या माणसाच्या शरीरात दाण्यातल्या प्रथिनाविरुद्ध हे आयजीई तयार होऊन बसलेलं असतं. तो पदार्थ पोटात गेला की विशिष्ट पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यातलं पाणी बाहेर झिरपतं, रक्तदाब कोसळतो. घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. चोर समजून घरच्याच पाहुण्यावर लाठी चालवावी, आणि त्या धुमश्चक्रीत घर पेटावं, तसा प्रकार.

अ‍ॅड्रेनालिन या सगळ्यावर एकदम काम करतं. रक्तवाहिन्या आवळतं, सूज उतरवतं, श्वासनलिका मोकळ्या करतं, हृदयाला जोर देतं, आणि त्या पेशींना आणखी रसायनं सोडू देत नाही. सेट्रिझिनसारखी गोळी खाज आणि गांधी कमी करते; ती घसा उघडत नाही, रक्तदाब चढवत नाही. स्टेरॉइडचा परिणाम व्हायला काही तास लागतात. म्हणून गोळी देऊन वाट पाहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गोळी द्यायला हरकत नाही, वाट पाहायला आहे.

आता ओळखायचं कसं? हे नीट ऐका. संशयित पदार्थ खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत, अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं, आणि त्याबरोबर पुढीलपैकी काहीही एक: आवाज घोगरा होणं, घसा आवळल्यासारखं वाटणं, खोकला, धाप, शिटीसारखा आवाज, पुन्हा पुन्हा उलट्या, चक्कर, अंग गळून जाणं. असं दिसलं तर ती तीव्र अ‍ॅलर्जी समजायची. आणि गांधी उठल्याच पाहिजेत असं नाही. माहीत असलेला अ‍ॅलर्जीचा पदार्थ पोटात गेला आणि नुसता आवाज बदलला, धाप लागली किंवा माणूस गळून गेला, तरी तेवढं पुरे.

त्या वेळी करायचं ते असं. माणसाला आडवं करा, पाय उंच ठेवा. धाप असेल तर पाठीला टेका देऊन बसवा. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. त्याला उठवू नका, चालवू नका, संडासात नेऊ नका. रक्तदाब पडलेला असताना एकदम उभं केल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत. अ‍ॅड्रेनालिन जवळ असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत द्या. गरज पडली तर कपड्यावरूनही. दुसऱ्या माणसाने लगेच 108 ला फोन करायचा. पाच मिनिटांत उतार नसेल तर दुसरी मात्रा. आणि बरं वाटलं म्हणून घरी परतायचं नाही. त्या मुलाला रात्री दोनला पुन्हा झालं, तसं काही तासांनी पुन्हा उसळू शकतं. रुग्णालयात देखरेखीखाली राहायचं.

परदेशात यासाठी पेनासारखं आपोआप टोचणारं इंजेक्शन मिळतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. पण साधी एक मिलीलीटरची कुपी मिळते, तिच्यात एक मिलिग्रॅम औषध असतं, आणि तिची किंमत पोहे-जिलबीच्या नाश्त्याच्या आसपास. मात्रा वजनावर: दर किलोला 0.01 मिलिग्रॅम. पंचवीस किलोच्या मुलाला पाव मिलीलीटर, मोठ्या माणसाला अर्धा मिलीलीटर, त्याहून जास्त नाही. ज्यांच्या घरी अशी अ‍ॅलर्जी आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून ही मात्रा लिहून घ्यावी, सिरिंज भरायला शिकावं, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने सराव करावा. इन्सुलिनची सुई फार आखूड असते, ती स्नायूपर्यंत पोचत नाही. सुई डॉक्टरांना विचारूनच घ्या. कुपी उजेडात ठेवू नका, इंदूरच्या उन्हात गाडीत तर मुळीच नको. रंग तपकिरी दिसला किंवा तारीख उलटली की बदला. आणि दिल्यावर छातीत धडधड झाली, हात थरथरले तर घाबरू नका. ते औषधाचंच लक्षण आहे, थोड्या वेळात शमतं.

आता सावधपणाच्या दोन-चार गोष्टी. आपल्या भाषेत 'वावडं' हा फार सोयीचा शब्द आहे. वांग्याने घशात खाज येते तेही वावडं, दुधाने पोट फुगतं तेही वावडं, आणि नावडती भाजी टाळायची असली तरी वावडंच! त्यामुळे खरं वावडं असलेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. दूध न पचणं आणि दुधाची अ‍ॅलर्जी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत पोट बिघडतं, दुसरीत जीव जाऊ शकतो. ज्याला शंका आहे त्याने अ‍ॅलर्जीच्या जाणकार डॉक्टरांना दाखवावं. शंभर पदार्थांची रक्ततपासणी एकदम करून घेऊ नका; तपासणीत आकडा वाढलेला असूनही तो पदार्थ मजेत खाणारी माणसं पुष्कळ असतात. आधी काय खाल्लं आणि किती वेळाने काय झालं ही हकिगत महत्त्वाची, तपासणी नंतर.

दाणा हा झाडावरचा सुकामेवा नव्हे, शेंगवर्गातला. पण दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना सुकामेवाही बाधतो. काजू आणि पिस्ता हे जवळचे नातलग. एक बाधला तर दुसरा टाळावा. पिस्त्याच्या नावाखाली हिरवा रंग दिलेले दाण्याचे काप मिठाईवर टाकतात, हेही ध्यानात असू द्या. घाण्यावरच्या दाण्याच्या तेलात प्रथिनं राहतात, म्हणून तेही वर्ज्य. तीळ, खसखस, हरभरा, गहू, अंडं, कोळंबी, मासे, यांनीही असा त्रास होऊ शकतो. खिरापतीत खसखस असते. आणि अन्नाइतकीच औषधं महत्त्वाची. वेदनाशामक गोळ्या-इंजेक्शनं आणि पेनिसिलिनसारखी प्रतिजैविकं यांनी ज्याला एकदा त्रास झाला आहे त्याने त्या औषधाचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावं. "ती पांढरी गोळी हो, डॉक्टर" एवढ्यावर आम्हाला काही कळत नाही.

मग लहान बाळांना दाणे देऊच नयेत का? इथे आम्हा डॉक्टरांनाही कान पकडावे लागले. 2000 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सल्ला दिला होता की जोखमीच्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका. 2008 मध्ये तो मागे घेतला. पुढे लंडनमध्ये 640 बाळांवर अभ्यास झाला; 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्यांना पहिल्या वर्षातच नियमित दाणे खाऊ घातले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला दाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजे वरणभाताबरोबर बाळाला कुटाचं बोट चाटवणाऱ्या आज्या अगदीच चुकत नव्हत्या! पण तीन गोष्टी सांभाळा. अख्खा दाणा कधीच नको, तो श्वासनलिकेत अडकतो. बारीक कूट पातळ करूनच द्या. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ज्याला अ‍ॅलर्जी झालीच आहे त्याला "सवय लावू" म्हणून घरी थोडं थोडं देऊ नका.

आता आपल्या मंडळाविषयी. त्या घटनेनंतर वाढपी असलेला तो तरुण आमच्याकडे येऊन रडला. त्याला आम्ही सांगितलं तेच इथे सांगतो: तू चुकलास असं आम्ही म्हणत नाही, आपण तुला काही शिकवलंच नव्हतं. म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही काही गोष्टी ठेवल्या आणि त्या मान्य झाल्या आहेत.

यंदा पंगतीच्या दाराशी फळा असेल. प्रत्येक पदार्थात दाणे, कूट, काजू, तीळ, दूध काय आहे ते मराठीत आणि हिंदीत लिहिलेलं असेल. वाढप्यांना तीनच उत्तरं दिली आहेत: "आहे", "नाही", आणि "माहीत नाही, विचारून येतो." तिसरं उत्तर द्यायला कोणी लाजायचं नाही. "नाही" हे मात्र कोठी सांभाळणाऱ्या ताईंना विचारल्याशिवाय म्हणायचं नाही. एक कोशिंबीर आणि एक भाजी कुटाआधी, वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने काढली जाईल आणि वेगळ्या टेबलावर राहील. कुटाचा डाव त्यात बुडाला तर सगळं फुकट. प्रथमोपचाराच्या पेटीत अ‍ॅड्रेनालिन असेल, ती पेटी व्यासपीठाच्या उजवीकडे, आणि आम्हा दोघांपैकी एकजण शेवटची पंगत उठेपर्यंत तिथे. एक गाडी बाहेर पडण्याच्या तोंडाशी उभी असेल. तिच्यापुढे कोणी स्कूटर लावायची नाही.

एक गोष्ट मात्र फळ्याने आणि पेटीने होणार नाही. ती आपल्या सगळ्यांच्या हातात आहे. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा अलंकार आहे. या गावात आपल्या पिढ्या गेल्या, शाळा बदलल्या, मुलांची भाषा बदलली, पण पंगतीतला आग्रह आपण सोडला नाही, आणि त्याचा आम्हालाही अभिमान आहे. पण "प्रसादाला नाही म्हणू नये" हे वाक्य आपण आता आवरलं पाहिजे. त्या मुलाच्या आईने आम्हाला सांगितलं की गेली सहा वर्षं ती प्रत्येक लग्नात, मुंजीत, हळदीकुंकवाला विचारत आली, आणि "फार बाई सोवळं तुझं" हे ऐकत आली. त्या दिवशी वाढप्याने "नाही" म्हटल्यावर पुन्हा विचारायचा तिला संकोच वाटला. तो संकोच तिच्या मनात कोणी घातला? आपणच. आजी म्हणाल्या, "आम्ही मुठी मुठी दाणे खाल्ले, मला वाटायचं सूनबाई उगीच घाबरते." एवढं मोठ्या मनाने सगळ्यांपुढे सांगू देणं सोपं नाही. आजी, आम्ही तुमचे आभारी आहोत.

प्रसाद हातात घेतला, कपाळाला लावला आणि शेजारच्याला दिला, तरी तो पोचतो. बाप्पा मनातला भाव बघतो, पानात काय उरलं ते बघत नाही. कोणी "मला चालत नाही" म्हटलं की कारण न विचारता डाव पुढे न्या, एवढीच आमची मागणी.

त्या मुलाची आई यंदा स्वयंपाकघर समितीत आली आहे. कुटाचा डबा तिने वेगळ्या फळीवर ठेवून त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि हिंदीत नाव लिहिलं आहे. मुलगा यंदाही पंगतीला बसणार आहे. त्याच्या ताटात कूट नसलेली कोशिंबीर असेल, आणि त्याने मागितली तर ती दोनदा वाढा. तो आग्रह मात्र जरूर करा.

गणपती बाप्पा मोरया!